मधला अर्धा तास: इरुकांजी जेलीफिशचं प्रकरण, केर्न्स १९६१

डिसेंबर १९६१. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातलं केर्न्स, आणि तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. जनरल प्रॅक्टिस करणारा एक डॉक्टर समुद्रातून नखाएवढी पारदर्शक जेलीफिश पकडतो, तिचा डंख आधी स्वतःला घेतो, मग स्वतःच्या ९ वर्षांच्या पोराला देतो, आणि सोबत असलेल्या धडधाकट तरुण लाइफगार्डलाही देतो. मग तिघं थांबून राहतात. पुढच्या तासाभरात तिघांचीही रवानगी हॉस्पिटलमध्ये.

डॉक्टरचं नाव जॅक बार्न्स. हे प्रकरण बहुतेक वेळा "बघा कसा वेडा बाप होता" अशा सुरात सांगितलं जातं, आणि ऐकणारे पण तेवढंच लक्षात ठेवतात. वेडेपणाचा भाग आहेच, त्यावर येतो मी पुढे. पण पूर्ण केस नीट मांडली की दिसतं की ते तिघं ज्या अर्ध्या तासासाठी थांबले होते, तो अर्धा तासच सगळ्या भानगडीचं मूळ होता. डंख आत्ता आणि दुखणं अर्ध्या तासानं, एवढ्या एका गोष्टीनं हा प्राणी कितीतरी वर्षं सगळ्यांच्या नाकाखाली लपून राहिला.

आधी पेशंट कसा यायचा ते बघू. माणूस समुद्रात पोहतोय, पाणी छातीपर्यंत, तेवढ्यात कुठेतरी बारीकसं टोचल्यासारखं होतं. मुंगी चावावी इतपत, कधी तेवढंही नाही. हात लावून बघतो तर काही दिसत नाही, फार तर थोडी लाली, जराशी काटा आल्यासारखी कातडी. जेलीफिशच्या डंखाचे चाबकानं ओढल्यासारखे वळ उठतात असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि इथे वळ नाही, म्हणजे काही नाही असं म्हणून तो परत पोहायला लागतो किंवा अंग पुसून घरी जातो. वीस-तीस मिनिटांनी कंबर भरून येते. मग पाठ, मग मांड्या, पोट, छाती, सगळीकडे लाटा आल्यासारखं दुखायला लागतं, घाम इतका की कपडे पिळून काढावेत, मळमळ, उलट्या, छातीत धडधड, आणि एक ठिकाणी पडून राहवत नाही अशी तगमग. आणि यातलं सगळ्यात विचित्र लक्षण म्हणजे आपण आता मरणार अशी पक्की खात्री. भीती म्हणत नाहीये मी, खात्रीच. हे लक्षण डॉक्टरी पुस्तकांत रीतसर नोंदवलेलं आहे.

आता हा माणूस डॉक्टरकडे पोचतो तेव्हा समुद्राचा विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. अंगावर खूण नाही. पोट कडक, उलट्या चालू, बीपी वर. डॉक्टरनं काय समजावं? अपेंडिक्स? हार्ट अटॅक? विषबाधा? स्कुबा डायव्हर असेल तर आणखी घोळ, कारण झटकन वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जो त्रास होतो त्याच्याशी हे सगळं बऱ्यापैकी जुळतं. आणि पेशंटला विचारलं "काही चावलं का" तर तो बऱ्याचदा प्रामाणिकपणे नाहीच म्हणणार, कारण जे टोचलं ते इतकं फालतू होतं की तो विसरलेला असतो.

केर्न्समध्येच ह्यूगो फ्लेकर नावाचे डॉक्टर होते, रेडिओलॉजीचे, पण जीव अडकलेला निसर्गात. झाडं, विषारी प्राणी, जे सापडेल ते जमवायचं आणि नोंद करून ठेवायची असा स्वभाव. त्यांनी १९४५ मध्येच पोहणाऱ्यांना अज्ञात कारणानं होणाऱ्या इजांबद्दल लिहिलं होतं, आणि १९५२ मध्ये त्यांनी या वळ न उठणाऱ्या प्रकाराला वेगळं काढून नाव दिलं, इरुकांजी. केर्न्सच्या उत्तरेच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या आदिवासी लोकांचं हे नाव, तिथेच केसेस सापडत होत्या म्हणून ते घेतलं. म्हणजे गंमत बघा, आजाराचं बारसं झालं आणि आजार देणारा कोण हे कुणालाच माहीत नाही. फ्लेकर यांनी तो प्राणी कधी बघितलाच नाही, १९५७ मध्ये ते वारले.

याच फ्लेकर यांनी दुसरी एक केस झटक्यात सोडवली होती, आणि ती शेजारी ठेवून बघितल्याशिवाय इरुकांजीची अडचण कळत नाही. २० जानेवारी १९५५, केर्न्सच्या दक्षिणेला कार्डवेल, उथळ पाण्यात खेळणारा ५ वर्षांचा मुलगा डंख बसून काही मिनिटांत गेला. फ्लेकर यांनी पोलिसांना सांगितलं की तिथलं पाणी जाळं लावून चाळून काढा. जाळ्यात ज्या जेलीफिश आल्या त्यात एक चौकोनी अंगाची, कोपऱ्या-कोपऱ्यातून दोऱ्यांचे झुपके लोंबणारी, कुणी न ओळखलेली. ती ॲडलेडला रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे गेली आणि त्याच वर्षअखेर तिचं नाव छापून आलं, कायरोनेक्स फ्लेकेराय. वर्षाच्या आत निकाल. कारण तिथे सगळा पुरावा हजर होता, अंगभर वळ, मृत्यू तिथल्या तिथे, आणि गुन्हेगार अजून त्याच पाण्यात. ती जेलीफिश पण अवाढव्य, अंग फुटबॉलपेक्षा मोठं होऊ शकतं, साठेक दोरे आणि एकेक तीन मीटरपर्यंत. तिला शोधायला जाळं पुरलं.

इरुकांजीत यातलं एकही हाताला लागत नाही. पेशंट कळवळायला लागेपर्यंत तो किनाऱ्यापासून लांब गेलेला, प्राणी प्रवाहाबरोबर आणखी लांब, आणि खूण म्हणावी तर नाहीच.

बार्न्स या कामात पडले तेव्हा त्यांच्याकडे होतं काय, तर किनाऱ्यावरच्या लाइफगार्ड लोकांची मदत, डंखांच्या नोंदी, आणि हट्ट. पण नोंदी नीट बघितल्या तर त्यातून प्राण्याचं अर्धं चित्र आपोआप निघतं. वळ उठत नाही, म्हणजे दोरे अगदी बारीक, प्राणी लहान. स्वच्छ पाण्यातसुद्धा कुणाला दिसत नाही, म्हणजे पारदर्शक. एकाच दिवशी एकाच किनाऱ्यावर केसेसचा घोळका आणि मग कित्येक दिवस शुकशुकाट, म्हणजे तळाशी चिकटून बसणारं काही नाही, पाण्याबरोबर वाहत येणारं काहीतरी आहे. मासा असता तर जखम दिसली असती. एवढं कळलं तरी पुढचा प्रश्न उरतोच की काचेच्या पाण्यात काचेचा मणी शोधायचा कसा. बार्न्सनी काढलेला मार्ग साधा आणि कंटाळवाणा होता, स्वतः पाण्यात उतरायचं, अंगाला वजनं लावून तळाशी पडून राहायचं आणि तासन्‌तास वर बघत बसायचं. दवाखाना सांभाळून हे सगळं. (कुणी घरच्यांची मतं विचारली नाहीत बहुतेक.)

आणि एक दिवस ती मिळाली.

आता ही बाई आहे तरी कशी ते जवळून बघू, कारण सगळं त्या बांध्यात आहे. अंग म्हणजे जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची काचेची घंटा, चार बाजू असलेली, म्हणून बॉक्स जेलीफिश. चार कोपऱ्यांना चारच दोरे, एकेका कोपऱ्याला एकच, पण ते आकसलेले असताना काही सेंटिमीटर आणि सोडले की ताणून जवळपास मीटरभर जाऊ शकतात. नखाएवढ्या अंगाला मीटरभर दोरे, म्हणजे माणूस जिच्यापासून हातभर लांब आहे तिचाही डंख त्याला बसतो. साध्या जेलीफिशसारखी ती नुसती वाहत नाही, पोहते, आणि तिला डोळे आहेत, चार बाजूंना सहा-सहा असे २४, त्यातल्या काहींना चक्क भिंग. दोऱ्यांवर ठरावीक अंतरानं दंशपेशींची, म्हणजे विष टोचणाऱ्या पेशींची, कडी असतात, मण्यांच्या माळेसारखी. उजेडात ती दोरे लांब सोडते आणि मधूनच झटका देते, मग ते मणी लुकलुकतात आणि बारीक माशाला वाटतं की काहीतरी खाण्यासारखं हलतंय. गळ टाकून बसलेली आहे थोडक्यात. मोठी झालेली इरुकांजी माशांची पिल्लं खाते, आणि मासा ताकदवान, पळणारा, तो एका हिसड्यात तिचं अंग फाडू शकतो, म्हणून त्याला क्षणात आडवा करणारं विष हवं. लहान असताना ती कोळंबीच्या जातीतलं बारीकसारीक खाते तेव्हा तिच्या दंशपेशींचा साठा वेगळा असतो, वय वाढलं की तो बदलतो. माणसाशी तिचं काही देणंघेणं नाही. आपण फक्त आडवे येतो.

आणखी एक. बहुतेक जेलीफिशच्या दंशपेशी मुख्यतः दोऱ्यांवर असतात, हिच्या घंटेवरसुद्धा असतात. म्हणजे दोरे सांभाळून अंगाला धरलं तरी सुटका नाही.

दंशपेशी हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकेका पेशीत एक सूक्ष्म डबी, तिच्यात गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी, आणि आत प्रचंड दाब, नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दीडशे पटीच्या आसपास. स्पर्श झाला आणि कातडीचं रसायन लागलं की झाकण उघडतं आणि नळी उलटी होऊन बाहेर येते. हायड्रा नावाच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाईकात हे मोजलंय, पहिला टोला ७०० नॅनोसेकंदांत, सजीवांत यापेक्षा वेगवान हालचाली फार नाहीत. तुम्ही हात मागे घेणार तो कधी? इथे मेंदू, इच्छा वगैरे काही नाही, मेलेल्या जेलीफिशच्या किंवा तुटलेल्या दोऱ्याच्या पेशीसुद्धा उडतात.

परत बार्न्सकडे. जेलीफिश हातात आहे, छान. पण हीच ती, हे कसं दाखवणार? आणि इथे तो मधला अर्धा तास पुन्हा आडवा येतो. कुणा पेशंटला हीच चावली असं सांगणारा साक्षीदार नाही, कारण पेशंटला स्वतःलाच माहीत नाही. केसेसच्या दिवशी पाण्यात ही सापडली एवढ्यावर कुणी हटकून म्हणणार की त्या पाण्यात इतर शंभर जीव पण होते. उंदरावर प्रयोग करून उंदीर मेला असता, पण इरुकांजीची लक्षणं म्हणजे काय, कंबर दुखते, मळमळतं, मरणार असं वाटतं. उंदीर सांगणार आहे का? शंका मिटवायची तर डंख नक्की कधी बसला, कुणाचा बसला आणि त्यानंतर मिनिटा-मिनिटाला काय झालं हे जाग्या, बोलत्या माणसात बघायला हवं होतं. तर्क इथपर्यंत बिनचूक आहे. त्या तर्कानं पुढे ज्या दारात नेलं तिथे माझं आणि बार्न्स यांचं जमत नाही.

तर झालं असं. तिघांना डंख दिला गेला. सुरुवातीला विशेष काही नाही, थोडी आग, थोडं लाल. ज्या अर्ध्या तासात बाकीचे पेशंट टॉवेल गुंडाळून घरी जायचे त्या अर्ध्या तासात हे तिघं पहिल्यांदाच घड्याळ आणि डंख दोन्ही माहीत असलेले पेशंट होते. मग पोटात कळ सुरू झाली आणि नंतर सगळं ओळीनं येत गेलं. पोटाचे स्नायू आवळून फळीसारखे कडक, सरळ उभं राहता येईना, हातापायांत वांब, श्वास जोरजोरात, उलट्या. पोरगा पाय पोटाशी घेऊन पडला. आणि मोठ्यांच्या बाबतीत बार्न्सनी जे लिहून ठेवलंय ते वाचताना डोळ्यांसमोर येतं, एका जागी थांबताच येत नव्हतं, उगाच इकडून तिकडे पाय आपटत फिरायचं, हात झोकायचे, अंग वाकवायचं, पुन्हा ताठ करायचं, पिळवटायचं, कशानंच बरं वाटत नाही तरी हालचाल थांबवता येत नाही. दुखण्यानं माणूस सहसा निपचित पडतो, इथे उलट. या एका निरीक्षणासाठी तरी मी त्या पेपरला मानतो, कारण स्वतःची आतडी पिळवटत असताना स्वतःच्या हातांकडे बघून "हे असं असं हलतायत" अशी नोंद डोक्यात ठेवणं सोपं नाही.

हॉस्पिटलमध्ये दुखणं दाबायची इंजेक्शनं दिली, तिघंही बरे झाले. बार्न्सनी हे सगळं १९६४ मध्ये मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियामध्ये छापलं. १९६७ मध्ये साउथकॉट यांनीच, हो तेच कायरोनेक्सवाले, या जेलीफिशचं रीतसर वर्णन करून नाव ठेवलं, कॅरुकिया बार्नेसाय. फ्लेकर यांच्या नावावर मोठी, बार्न्स यांच्या नावावर नखाएवढी.

अर्ध्या तासात शरीरात चालू काय असतं हे कळायला आणखी काही दशकं लागली. कातडीजवळ फारसं घडतच नाही, म्हणून वळ नाही. विष रक्तातून पसरतं आणि मज्जातंतूंच्या टोकांवरच्या सोडियम चॅनलशी, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांशी, खेळतं, ते उघडे ठेवतं असं धरून चला, आणि मग शरीर स्वतःचंच ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन धो धो सोडायला लागतं. म्हणजे डंख फक्त नळ उघडतो, पूर घरातल्याच टाकीचा. घाम, धडधड, बीपी आभाळाला, हातापायांची ती वेडी हालचाल, सगळं यातून बऱ्यापैकी सुटतं. मरणार असं वाटणंसुद्धा कदाचित यातूनच, कारण वाघ अंगावर आल्यावर जे रसायन सुटतं ते वाघ नसताना दहा पट सुटलं तर मेंदू काय समजूत काढणार? थोड्या पेशंटमध्ये पुढे हृदयाचा स्नायू दमतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं, १९८८ मध्ये यावर वेगळा पेपर आला. म्हणजे अर्ध्या तासाच्या मागे आणखी एक उशीर दडलेला, दुखणं ओसरलं म्हणून घरी सोडलेला पेशंट रात्री परत येऊ शकतो.

आता पोराचं.

बार्न्सच्या बाजूनं बोलायचं तर स्वतःवर प्रयोग करणारे डॉक्टर तेव्हा दुर्मीळ नव्हते, आणि लाइफगार्ड सज्ञान होता, त्यानं हो म्हटलं. मुलाचं काय? न्यूरेंबर्ग संहितेत १९४७ पासून पहिलंच कलम होतं की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती हवी. ९ वर्षांचं मूल बापाला नाही म्हणू शकतं का, आणि हो म्हणालं तर त्या हो ला किती किंमत, याचं उत्तर काढायला समिती लागत नाही. माणसांवरच्या संशोधनाबद्दल डॉक्टरांसाठी असलेली हेलसिंकी घोषणा १९६४ ची, म्हणजे बार्न्सचा पेपर छापून आला त्याच वर्षीची. "तेव्हा नियम नव्हते" हे अर्धंच खरं. काहीजण म्हणतात की लहान मुलांना हा डंख कसा बाधतो हे कळणं गरजेचं होतं, कारण पाण्यात मुलंच जास्त. असेल. पण विषाचा डोस माहीत नाही, उतारा नाही, मोठ्या माणसावर काय होतं तेसुद्धा अजून बघायचंय, अशा वेळी सगळ्यात कमी वजनाचं शरीर त्याच दिवशी पुढे करणं हे मला कुठूनही पटत नाही. मोठ्या दोघांवर करून थांबता आलं असतं, निष्कर्ष तसूभर बदलला नसता. आणि ते तिघं बरे झाले म्हणून आपण आज हे किस्सा म्हणून सांगतोय. इरुकांजीनं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे १९६१ मध्ये कुणाला माहीत नव्हतं.

पुरावा म्हणून केस किती पक्की, हाही प्रश्न विचारायला हवा, नाहीतर केस स्टडी कसली. तीनच माणसं, तुलनेला कुणी नाही, आणि तिघांनाही काय होणार याची कल्पना. मनाचे खेळ म्हणून मोडीत काढता आलं असतं का? माझ्या मते नाही, फळीसारखं पोट आणि ९ वर्षांच्या पोराच्या उलट्या हे ठरवून होत नाही, आणि तिघांचा क्रम आणि वेळ फ्लेकर यांच्या जुन्या केसेसशी जुळत होता. पण सिद्ध काय झालं ते नीट बघा. ही जेलीफिश इरुकांजी घडवू शकते हे सिद्ध झालं. हीच घडवते, दुसरं कुणी नाही, हे नाही झालं. लोकांनी मात्र दोन्ही एकच धरलं, आणि त्याची किंमत नंतर कळली, कारण पुढे एकामागोमाग आणखी बॉक्स जेलीफिश संशयितांच्या यादीत आल्या, मालो किंगाय त्यातलीच एक, आणि असाच त्रास ऑस्ट्रेलियाबाहेरही दिसला, हवाईकडे अलाटिना नावाच्या जेलीफिशचा. त्यामुळे आज इरुकांजी हे एका प्राण्याचं नाव म्हणून घ्यायचं की लक्षणांच्या गठ्ठ्याचं, हे कोण बोलतंय त्यावर असतं. डॉक्टर लक्षणं म्हणतो, पोहणारा प्राणी म्हणतो, आणि दोघं एकमेकांना समजलं असं समजतात.

२००२ पर्यंत इरुकांजीनं माणूस प्रचंड हैराण होतो पण मरत नाही असाच समज होता. त्या वर्षी क्वीन्सलँडच्या पाण्यात दोन परदेशी पर्यटक गेले, एक जानेवारीच्या शेवटी हॅमिल्टन बेटाजवळ, दुसरा एप्रिलमध्ये पोर्ट डग्लसच्या बाजूला. दोघांचं बीपी इतकं चढलं की मेंदूत रक्तस्राव झाला. तिथून सगळा सूर बदलला. आणि मग जुन्या मृत्यूंकडे बघायची नजर पण बदलते, कारण समुद्रावर गेलेला पन्नाशीचा माणूस, अंगावर खूण नाही, मृत्यू ब्रेन हॅमरेजनं, अशी केस आधी किती वेळा "बीपी होतं बिचाऱ्याला" म्हणून फाइलबंद झाली असेल? आकडा कुणाकडेच असणार नाही. खूण न ठेवणारा गुन्हेगार असा सुटतो.

किनाऱ्यावरचा बंदोबस्त बघितला तर त्यातही मोठी आणि छोटी हा फरक सतावतो. उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे हा स्टिंगर सीझन, म्हणजे डंख मारणाऱ्या जेलीफिशचा मोसम, तेव्हा बऱ्याच बीचवर पाण्यात जाळ्यांचे आडोसे घालतात. त्यांची भोकं २५ मिलिमीटरची. कायरोनेक्स अडते, नखाएवढी इरुकांजी आरामात आत. जाळ्यात पोहतोय म्हणजे सेफ, असं वाटणाऱ्या माणसाची यात गंमत होते. त्यापेक्षा अंगभर लायक्राचा, म्हणजे ताणणाऱ्या घट्ट कापडाचा, सूट भरवशाचा, कारण दंशपेशींना कातडी लागलीच नाही तर त्या उडत नाहीत. हे लायक्रा यायच्या आधी तिथले दणकट लाइफगार्ड बायकांच्या पँटीहोज, म्हणजे कमरेपर्यंतचे पातळ मोजे, घालून पाण्यात उतरायचे, एक पायात आणि एक उलटी करून हातांत. हसू येतं, पण उपाय शंभर नंबरी.

व्हिनेगरचं पण असंच गैरसमजाचं प्रकरण. बीचवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, डंखावर निदान तीस सेकंद ओतायचं. १९८० मध्ये कायरोनेक्सवर काम करून दाखवलं गेलं की व्हिनेगरनं अजून न उडालेल्या दंशपेशी निकामी होतात. बस, तेवढंच. आत गेलेलं विष त्यानं उतरत नाही, दुखणं थांबत नाही. २०१४ मध्ये एका अभ्यासातून उलटाच प्रश्न निघाला की उडून गेलेल्या पेशींत उरलेलं विष व्हिनेगरनं बाहेर ढकललं जातं का, त्यावरून बरीच हमरीतुमरी झाली, पण उष्ण कटिबंधातल्या बॉक्स जेलीफिशसाठी व्हिनेगरचा सल्ला कायम आहे. गोडं पाणी ओतायचं नाही, चोळायचं नाही, दोन्हींनी उरलेल्या पेशी उडतात. आणि हे व्हिनेगर ब्लूबॉटल नावाच्या निळ्या, तरंगणाऱ्या प्राण्याच्या डंखाला लावू नका, ती मुळात खरी जेलीफिशच नाही, तिच्यासाठी ऑस्ट्रेलियात सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं असा सल्ला देतात.

पण इरुकांजीत व्हिनेगरची बाटली हातात घ्यायला आधी डंख बसलाय हे कळायला हवं ना. म्हणून तिथल्या लाइफगार्डला शिकवतात ती गोष्ट मला जास्त कामाची वाटते, पाण्यात कुणाला काहीही, कितीही फालतू टोचल्यासारखं झालं तर त्याला बाहेर काढायचं, बसवून ठेवायचं आणि नजर ठेवायची. गाडी चालवत घरी जाऊ द्यायचं नाही. कंबर दुखायला लागली की लगेच अँब्युलन्स.

बार्न्स १९८५ पर्यंत जगले. इरुकांजीनंतर ते कायरोनेक्सच्या मागे लागले आणि तिचं विष काढायची एक भन्नाट युक्ती त्यांनी बसवली, बाळंतपणानंतर मिळणारा वारेचा पातळ पडदा ताणून बसवायचा, त्यावर जिवंत दोरे ठेवायचे आणि विजेचा हलका झटका द्यायचा, पेशी पडद्यातून आरपार उडतात आणि खालच्या बाजूला विष गोळा होतं. १९७० मध्ये कायरोनेक्सवर उतारा निघाला, आजही वापरात आहे. इरुकांजीवर उतारा नाही. एकेका जेलीफिशमधून निघणारं विष इतकं थोडं आणि जेलीफिश मिळायला इतक्या अवघड की आजवर कुणाचं जमलेलं नाही. त्यामुळे पेशंट आला की दुखणं दाबायला फेंटॅनिल, बीपी खाली आणायची औषधं, काही ठिकाणी मॅग्नेशियम देऊन बघतात, हृदयाची तपासणी, मॉनिटर लावून रात्रभर ठेवून घेणं, आणि बाकी विष आपोआप ओसरायची वाट बघणं, १९६१ मध्ये त्या पोराच्या खाटेशेजारी बसून बघितली होती तशीच.